शंभराचे सुट्टे

"ताई, तिसरीत आलाय, पण वजाबाकी रोज चुकते. गणितात डोकंच चालत नाही का हो याचं?" आईने वही पुढे सरकवली. पानभर लाल फुल्या. मुलगा खुर्चीच्या कडेवर बसून नखं कुरतडत होता.

५०३ − १७८ = ४७५. खाली ४०२ − १५६ = ३५४.

"कसं केलंस, सांगशील मला?"

"मोठ्यातून लहान काढायचा. आठातून तीन गेले, पाच. सातातून शून्य, सात."

मुलगा धांदरट नव्हता. पहिलीत शिकलेला एक नियम तो इमानाने पाळत होता. सारखी एकाच जागी होणारी चूक दिसली की मला हायसं वाटतं, कारण तिथे मूल विचार करत असतं.

"हातचा घे म्हणून किती सांगायचं!" आई म्हणाली. तो पुटपुटला, "शेजारी शून्य आहे. त्याच्याकडून काय घेणार?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी खेळातल्या नोटा काढल्या. त्याला शंभराच्या पाच दिल्या आणि रुपयाची तीन नाणी. "मी दुकानदार. एकशे अठ्ठ्याहत्तर झाले, नेमके द्या." तो नाण्यांकडे बघत राहिला. मग शंभराची नोट पुढे केली, "सुट्टे द्या ना." दहाच्या दहा नोटा मोजून घेतल्या, त्यातली एक परत माझ्या हातावर ठेवली, "हिचेपण." आता समोर शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी. पैसे तेवढेच आहेत ना, हे त्याने न सांगता मोजून पाहिलं. शून्याच्या जागी नऊ कुठून येतात, ते त्याला तिथे दिसलं. उरले ३२५.

'हातचा', 'उसना' हे शब्द मी आता उशिरा आणते. उसनं परत करावं लागतं, इथे कुणी काही परत करत नाही. सुट्टे मात्र मुलांना वाण्याच्या दुकानातून ठाऊक असतात. बेरजेत तेच उलट: दहा नाणी जमली की एक नोट. शिवाय आपण 'अठ्ठ्याहत्तर' म्हणतो तेव्हा आठ आधी ऐकू येतो आणि लिहिताना सात आधी येतो. म्हणून "दहाच्या किती, सुटे किती?" हे तोंडी विचारत राहावं लागतं.

आईला सांगितलं, रोज दोनच गणितं द्या, नोटा घेऊन, आणि आधी अंदाज विचारा.

दोन आठवड्यांनी आला तेव्हा त्याने जुनं पान स्वतःच उघडलं. ४७५ वर बोट ठेवून म्हणाला, "पाचशेतले जवळजवळ दोनशे गेले, मग एवढे कसे उरतील?" आणि खोडरबर मागितलं.