लुक फॉर, फाइंड, फाइंड आउट: यांत नेमका फरक काय?

तुम्ही विचारलंय की या तिघांत फरक काय, आणि फ्रेजल व्हर्बच्या, म्हणजे क्रियापदाला ऑफ, आउट असा छोटा शब्द लागून वेगळाच अर्थ देणाऱ्या जोड्यांच्या, याद्या घोकूनही ऐन पेपरात गोंधळ का होतो.

मी परभणीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. मागच्या पावसाळ्यात एका मुलीनं सगळी बॅग बाकावर उपडी केली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "सर, आय ॲम फाइंडिंग माय हॉल तिकीट." मी म्हटलं, "शोधायलीस का सापडलं?" "शोधायले, सर." मग ते लुकिंग फॉर. हात बॅगेत फिरतोय तोवर लुक फॉर, हाताला लागलं की फाइंड. वहीच्या कव्हरमधून तिकीट निघालं तेव्हा तीच म्हणाली, "फाउंड इट!" फाइंड आउटमध्ये वस्तू नसते, माहिती असते. सेंटर कुठलं आलंय, निकाल कधी लागणार, हे चौकशी करून कळलं की फाइंड आउट.

पुट ऑफ आणि कॉल ऑफ यांचंही तसंच. पहिल्यात परीक्षा पुढे ढकलली, दुसऱ्यात रद्दच झाली. फॉर्म भरून बसलेल्या पोरांना हा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

याद्या घोकू नका, हे मी कळकळीनं सांगतो. असली क्रियापदं आपल्याकडेही आहेत. "बोलून टाकलं" म्हणजे मन मोकळं झालं, "बोलून बसलो" म्हणजे आता पस्तावतोय, "बोलून घेतलं" म्हणजे संधी साधली. यात काही टाकलेलं नाही, कुणी बसलेलं नाही, तरी चौथीतलं पोरगंही चुकत नाही, कारण त्यानं हे घरात, रानात, भांडणात ऐकलेलं असतं. इंग्रजीत हे काम अप, ऑफ, आउट करतात. म्हणून दर फ्रेजल व्हर्बला स्वतःच्या घरातला एक प्रसंग जोडा आणि त्यावर एकच वाक्य लिहा. दिवसाला तीन झाली तरी पुष्कळ.

सर्वनामाची जागा मात्र पाठच करावी लागते. "टर्न ऑफ द मोटर" चालतं, "टर्न द मोटर ऑफ"ही चालतं. पण मोटरऐवजी "इट" आलं की ते मध्येच बसवायचं, "टर्न इट ऑफ". "टर्न ऑफ इट" चूक. लुक फॉर मात्र तुटत नाही, तिथे "लुक फॉर इट"च. वाक्यातली चूक ओळखायला देतात तेव्हा आधी हे "इट" कुठे बसलंय ते बघा.