चिठ्ठीशिवाय गोळी मागणारं चिडलेलं गिऱ्हाईक मेडिकलवाल्यानं कसं सांभाळावं?

नकार द्यायच्या आधी 'त्रास कोणाला, कधीपासून?' हे विचारा. आवाज चढतो तो बहुतेकदा काळजीनं: घरी लेकरू तापलेलं, डॉक्टर तालुक्याला, शेवटची एसटी निघायची वेळ. 'तुमची घाई समजते भाऊ' म्हटलं की माणूस ऐकायला तयार होतो. मग कारण एका वाक्यात सांगा: सेफिक्झिम, अल्प्राझोलम, ट्रामाडॉल ही शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतली औषधं, मार्च २०१४ पासून डॉक्टर, रुग्ण आणि नगाची नोंद वेगळ्या रजिस्टरात करून ती ३ वर्षं ठेवावी लागते. पण रिकाम्या हातानं पाठवू नका. साध्या तापाला पॅरासिटामॉल द्या, लेकराला किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत किमान ४ तास. वाद झाल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाच्या पट्टीवरचं नाव आणि मिलिग्रॅम मोठ्यानं वाचा. चुकीची पट्टी जाते ती तापल्या डोक्यानंच.

शेतात कीटकनाशक फवारणीच्या दिवसांत मात्र विषबाधेची शंका आली तर हे समजावणं बाजूला ठेवा. घाम, उलटी, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर लगेच १०८ लावा, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत पाठवा.