वाचवलेले श्रवण उपाशी ठेवू नका

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवून श्रवणनसेला विद्युत संकेत देणारे यंत्र, बसवल्यावर त्या कानात उरलेल्या थोड्याशा नैसर्गिक श्रवणाचा काय उपयोग, आणि दुसऱ्या कानाचे जुने श्रवणयंत्र अजून कशाला घालायचे, असे मला पुष्कळजण काळजीने विचारतात. निपाणीकडच्या एका किराणा दुकानदारांचा अनुभव त्यासाठी सांगते; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांना दोन्ही कानांनी ट्रकची घरघर, ढोलाचा ठेका असे खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी ऐकू येत, पण स, श, त ही व्यंजने जवळजवळ हरवली होती. उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवताना सर्जननी इलेक्ट्रोड (संकेत देणारी बारीक तार) अतिशय हळुवार सरकवून खालच्या पट्टीचे श्रवण वाचवले. आतल्या कानातल्या शंखाच्या, म्हणजे कॉक्लिआच्या, तोंडाशी उंच स्वर आणि आतल्या टोकाशी खालचे स्वर टिपले जातात व इलेक्ट्रोड तोंडाकडून आत जातो, म्हणून हे साधते.

सहा महिन्यांनी पत्नी त्यांना घेऊन आल्या. शांत खोलीत माझे प्रत्येक वाक्य त्यांना समजत होते. अडचण दुकानात होती: बाजाराच्या दिवशी डावीकडून कोणी ‘कितीला?’ आणि उजवीकडून कोणी कानडीत ‘एष्टु?’ (किती?) विचारले, की ते भलत्याच गिऱ्हाइकाकडे वळत. ‘मॅडम, एवढे महागाचे मशीन बसवले, मग जुने कशाला?’ असे म्हणून त्यांनी डावे श्रवणयंत्र कपाटात ठेवले होते. उजव्या प्रोसेसरला (इम्प्लांटच्या बाहेर घालायच्या यंत्राला) जोडलेला, कानाच्या नळीत मोठा केलेला आवाज सोडणारा भागही खाज सुटते म्हणून काढून टाकला होता.

मी त्यांना डोळे मिटायला सांगून लाकडी टेबलावर बोटाच्या पेराने टकटक केली. नुसत्या इम्प्लांटवर प्रत्येक वेळी त्यांचा हात उजवीकडेच गेला. मग डावे श्रवणयंत्र आणि उजवा ध्वनिभाग, दोन्ही घालून तीच टकटक केली, तेव्हा बहुतेक वेळा हात योग्य बाजूला गेला आणि त्यांच्या पत्नी खुर्चीतून पुढे सरकल्या.

डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोहोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश एवढाच असतो, तरी मेंदू तो पकडतो, मात्र मुख्यतः सुमारे 1500 हर्ट्झच्या खालच्या स्वरांत. इम्प्लांटचा प्रोसेसर आवाजाच्या जोराचे चढउतार पोहोचवतो. ध्वनिलहरींची ही सूक्ष्म वेळ त्यातून नीट पोहोचत नाही. ती तुलना व्हायची तर दोन्ही बाजूंना नैसर्गिक श्रवण जागे हवे, एका बाजूला असून भागत नाही. गलक्यात बोलणे वेगळे काढायलाही हेच कामी येते, म्हणून खोलीतली चाचणी चांगली आली तरी दुकानातली तक्रार खरीच होती.

इयरमोल्ड, म्हणजे कानाच्या नळीत बसणारा साचा, नव्याने, मऊ साहित्याचा करून घेतला, दोन्ही यंत्रांचे आवाज एकमेकांशी जुळवले आणि पहिले काही आठवडे दोन्ही दिवसभर घालायला सांगितली. सुरुवातीला त्यांना दोन कानांत दोन वेगळी माणसे बोलतात असे वाटे. हे अपेक्षित असते आणि बहुतेकांना सवयीने सुसह्य होते. वाचलेले श्रवण पुढे कमीही होऊ शकते, म्हणून यंत्रे काढून घेतलेला ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) ठरावीक काळाने करावा आणि एकाएकी फरक जाणवला तर न थांबता सर्जनकडे जावे, हेही त्यांना स्पष्ट सांगितले.

पुढच्या भेटीत त्यांनी सांगितले, की गिऱ्हाईक कोणत्या बाजूला आहे ते आता बहुधा कळते. मोबाइलची बारीक रिंग मात्र अजून उजवीकडूनच आल्यासारखी वाटते, कारण तेवढा उंच स्वर त्यांच्या डाव्या कानाला पोहोचतच नाही.