वाचकांचे प्रश्न : व्यंगचित्रकाराची सरकारी चाकरी

टॉमस नॅस्ट हा अमेरिकी व्यंगचित्रकार पुढे सरकारी नोकर झाला म्हणे. मग टीकेचं काय? (वाचक, अमळनेर)

टीका आधीची, नोकरी अगदी शेवटची. 'हार्पर्स वीकली' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात तो व्यंगचित्रं १८६२ पासून काढत होता. १८७१ मध्ये न्यूयॉर्कचा खजिना लुटणाऱ्या ट्वीड या राजकारण्याच्या टोळीला त्याने चित्रांतून जेरीस आणलं. ट्वीड कैदेतून निसटला, पण १८७६ मध्ये स्पेनमध्ये नॅस्टच्याच चित्रावरून ओळखला गेला. १८८४ मध्ये 'ग्रँट अँड वॉर्ड' पेढी बुडाली आणि तिच्यात गुंतवलेली नॅस्टची पुंजी गेली. १९०२ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला इक्वेडोरमधील ग्वायाकिलला वाणिज्यदूत नेमलं. त्याला हवं होतं युरोप. कर्जापायी हेही पत्करलं. जुलैत गेला, ७ डिसेंबरला पीतज्वराने वारला. म्हणजे लाचारीचा आरोप करायलाही फारसा वाव नाही.

शाळेत लिनोवर (लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर) कोरून व्यंगचित्र छापतो. अक्षरं उलटी येतात, बारीक रेषा तुटतात. नॅस्टच्या काळी कसं जमायचं? (कलाशिक्षक, चोपडा)

तो बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिलीने थेट उलटं चित्र काढायचा. या झाडाचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्राला अनेक तुकडे बोल्टने जोडत. चित्र झालं की बोल्ट सोडून एकेक तुकडा वेगळ्या कोरक्याकडे जाई. सांध्यावरून जाणाऱ्या रेषा नीट जुळतील अशा बेताने कोरत. सांधा नीट बसला नाही, तर छपाईत पांढरी रेघ उमटे. जुन्या अंकांत ती आजही दिसते.

तुम्ही ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने सुलटं काढा, कागद लिनोवर पालथा घालून चमच्याने घासा. अक्षरं आपोआप उलटी उतरतील. रेषा तुटते, कारण हत्यार तिच्या पोटाखाली शिरतं. पातं रेषेपासून बाहेर कललेलं धरा, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहील. थंडीत सकाळी लिनो कडक होऊन कपचे उडतात. दहा मिनिटं उन्हात ठेवा. आपल्या मे महिन्यात उलट, शाई पातळ होऊन खाचा भरतात. तेव्हा रोलरवर अगदी पातळ थर घ्या आणि छपाई सकाळीच उरका.

तहसील कार्यालयात आहे. टोपणनावाने राजकीय व्यंगचित्रं छापली तर चालेल? (वाचक, धुळे)

नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू देत नाहीत. नाव बदलून केली तरी ती टीकाच. निव्वळ कलात्मक कामाला आडकाठी नाही, तेव्हा दिवाळी अंकांना हास्यचित्रं खुशाल पाठवा. एखाद्या चित्राबद्दल शंका असेल, तर आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या.