‘छळ’ लिहावं की ‘भेदभाव’?

नाशिकरोडहून एका ताईंचा प्रश्न आला आहे: “एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करते आहे. मुक्त, धर्मनिरपेक्ष लोकशाहीतही ख्रिस्ती माणसांचं ‘पर्सिक्युशन’ होतं, असं लेखकाचं म्हणणं. त्यात ब्रिटनमधला गळ्यातल्या क्रूसाचा खटला आहे आणि आपल्याकडचा बस्तरमधला दफनाचा वादही. मी सगळीकडे ‘छळ’ लिहिलं. भाऊ म्हणतो, जिथे कोर्ट आहे, मतदान आहे, तिथे छळ कसला? ‘भेदभाव’ लिही. आमचे फादर म्हणतात, बायबलमध्ये ‘छळ’ आहे, तोच ठेव. काय करू?”

ताई, फादरांचा शब्द बरोबर आहे, पण सगळीकडे नाही. भावाची शंका रास्त आहे, पण त्याने दिलेलं कारण मराठीच्या कसोटीला उतरत नाही. या कारणापासूनच सुरुवात करतो, कारण खरी गाठ तिथे आहे.

‘छळ’ हा संस्कृत ‘छल’पासून आला. कमलचं कमळ झालं, कालचा काळ झाला, तसा ‘ल’चा ‘ळ’ झाला. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट, फसवणूक. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, तर ‘छल’ ही वादातली एक लबाडी म्हणून मोजली आहे: बोलणाऱ्याने एका अर्थाने वापरलेला शब्द दुसऱ्या अर्थाने घ्यायचा आणि त्याला खोटं पाडायचं. त्याचं ठरलेलं उदाहरण ‘नवकंबल’. बोलणारा म्हणतो, या मुलाची कांबळ नवी आहे. समोरचा म्हणतो, नऊ कांबळी कुठे आहेत, एकच तर दिसते. हिंदीत आणि गुजरातीत हा शब्द अजूनही कपटाच्याच घरात राहतो. मराठीत मात्र तो यातनेच्या घरात गेला.

कसा गेला असेल? मला वाटतं, वाट पुराणकथांतून गेली. विश्वामित्राने हरिश्चंद्राला छळलं, देव साधूच्या वेशात चिलयाच्या आईबापांना छळायला आला, असं आपण म्हणतो. या कथांत सत्त्व पाहण्यासाठी कुणीतरी डाव टाकतो आणि त्या डावात समोरचा माणूस पिळून निघतो. राज्य जातं, बायको-मुलगा जातो, तरी डाव थांबत नाही. कपट आणि यातना एकाच क्रियापदात इतकी वर्षं शेजारी राहिली की हळूहळू कपट मागे पडलं आणि यातना उरली. पण जुन्या अर्थाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. छळ नेम धरून होतो, आणि तो पुन्हा पुन्हा होतो. डासांनी रात्रभर छळलं म्हणतो तेव्हासुद्धा डास आपल्यालाच शोधत आल्यासारखे वाटतात, म्हणून म्हणतो. रस्त्यात कुणी एक थप्पड मारली तर ती मारहाण. तीच थप्पड रोज संध्याकाळी ठरल्यासारखी बसू लागली की छळ.

म्हणजे हा शब्द दुःख किती मोठं आहे ते मोजत नाही. छळाहून कितीतरी भयंकर गोष्टी असतात आणि त्यांना आपण छळ म्हणत नाही. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्याला छळ म्हणणं म्हणजे ती घटना लहान करणं. ती हत्या. २००८ मध्ये ओडिशातल्याच कंधमालला ख्रिस्ती माणसं मारली गेली, हजारो कुटुंबं घरं सोडून छावण्यांत राहिली. तो हिंसाचार. त्याच्या दहा वर्षं आधी, १९९८ च्या नाताळात, डांगमध्ये प्रार्थनाघरं मोडली-जाळली गेली, आणि डांग काही लांब नाही. आपल्या सुरगाण्याला लागून तो जिल्हा सुरू होतो. वणीवरून सापुताऱ्याला फिरायला जातो तो हाच. त्या घटनांना हल्ले म्हणावं. मात्र हल्ल्यानंतर जो माणूस त्याच गावात राहतो, ज्याला दुकानदार माल देत नाही आणि ज्याच्या मुलाला रोज त्या रात्रीची आठवण करून दिली जाते, त्याच्या पुढच्या वर्षांसाठी ‘छळ’ हा शब्द राखून ठेवावा.

आता बायबल. पर्वतावरच्या प्रवचनात धार्मिकतेपायी ज्यांना सोसावं लागतं त्यांना धन्य म्हटलं आहे, तिथे मराठीत ‘छळ’ आहे. ख्रिस्ती लोकांच्या मागे लागलेल्या शौलाला दमास्कसच्या वाटेवर येशूचा आवाज ऐकू येतो, “माझा छळ का करतोस?” हाच शौल पुढे पौल झाला. मूळ ग्रीक क्रियापद ‘दिओको’, त्याचा पहिला अर्थ पाठलाग करणे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही मागे लागणे. आपल्याकडे हात धुऊन मागे लागणं म्हणतात, तेच. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की पौल फिलिप्पैकरांना लिहितो तेव्हा एकाच अध्यायात हेच क्रियापद दोन अर्थांनी येतं: एकदा ख्रिस्ती मंडळीचा आपण कसा छळ केला हे सांगताना, आणि काही ओळींनी, ध्येयाकडे आपण कसे धावतो हे सांगताना. मराठीत ही जोडी टिकत नाही, कारण आपला ‘छळ’ धावत नाही, तो बसून पिळतो. पण नेम आणि सातत्य दोन्हीकडे आहे, आणि त्यामुळे जुन्या अनुवादकांची निवड मला योग्य वाटते. ‘भेदभाव’ने ते काम झालं नसतं. भेदभावात तुम्हाला रांगेत मागे उभं करतात. छळात रांगेतून बाहेर आल्यावरही कुणीतरी तुमच्या मागे येतो.

तुमच्या भावाचं म्हणणं, कोर्ट आणि मतदान असताना छळ कसला. यावर माझं उत्तर आहे: त्र्यंबकला चला. निवृत्तिनाथांची समाधी तिथे आहे, पौषात वारकऱ्यांची यात्रा भरते. त्या चार भावंडांच्या वाट्याला जे आलं त्याला मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या शब्दाने ओळखतो? छळ. तो कुठल्या राजाच्या फर्मानाने झाला नव्हता. शेजाऱ्यांनी केला, गावाने केला, शास्त्र जाणणाऱ्यांनी केला. मराठीतला छळ सत्तेवाचून होतो. तो घरात होतो, आळीत होतो. सासरच्या छळाची बातमी वाचताना कुणी म्हणत नाही की देशात कायदा आहे, मग छळ कसला. उलट २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणच्या ज्या प्रकाराला बंदी केली, त्याला मराठीत नाव ‘लैंगिक छळ’ असंच दिलं. कायदा असतो तिथे छळ नसतो, असं आपली भाषा कधीच मानत आली नाही. लोकशाहीने एक मोठा फरक पडतो: दाद मागायला दार असतं. त्या दाराशी पोचता येतं का, आणि पोचल्यावर गावात परत जगता येतं का, हे वेगळे प्रश्न, आणि छळाचं उत्तर त्यांत आहे.

म्हणून तुमच्या लेखातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहू.

ब्रिटनमध्ये एका विमान कंपनीच्या कर्मचारी बाईंना गणवेशावर दिसेल असा क्रूस घालू दिला नाही. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच निकालात आणखी तिघांचे अर्ज होते, ते फेटाळले गेले. त्यांतल्या एक परिचारिका होत्या, आणि रुग्णालयातल्या सुरक्षेचं कारण न्यायालयाला पटलं. हा सगळा हक्काचा वाद आहे. बाईंना त्रास झाला, त्यांच्या श्रद्धेची गळचेपी झाली असं म्हणा. ‘गळचेपी’ हा इथे फार नेमका शब्द आहे. पण त्याला छळ म्हटलं तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहील ते खोटं असेल. इथे तुमच्या भावाचं ऐका.

बस्तरचं प्रकरण वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये एका पास्टरांचं निधन झालं. मुलाला वडिलांना त्यांच्याच गावात पुरायचं होतं, जिथे घरातली आधीची माणसं पुरलेली होती. गावातून विरोध झाला. मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि तरीही दफन लांबू नये म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत ते करावं असा आदेश निघाला. देशातलं सर्वांत मोठं न्यायालय दाद द्यायला उभं होतं, तरी मुलाला बापाच्या मातीसाठी तीन आठवडे थांबावं लागलं. मारहाण नाही, जाळपोळ नाही. याला काय म्हणायचं? माझ्या मते आधी ‘वाळीत टाकणं’. जुन्या मराठीत ‘वाळणे’ म्हणजे टाकून देणे, त्यातून ‘वाळीत’. वाळीत टाकण्याची खरी धार पाणवठा आणि स्मशान या दोन ठिकाणी कळते. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला तो ह्याच जुन्या, आपल्या ओळखीच्या गोष्टीसाठी. आणि ज्या कुटुंबाला जिवंतपणी वाळीत टाकून मेल्यावरही सोडलं जात नाही, त्याच्या बाबतीत ‘छळ’ लिहायला मी क्षणभरही थांबणार नाही.

आता एक जागा अशी आहे जिथे या शब्दाचे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात, आणि तुम्हाला अनुवादात तिथे अडखळायला होईल. ओडिशाने १९६७ मध्ये पहिला धर्मस्वातंत्र्य कायदा केला. पुढे बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले. त्यांत बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन यांनी धर्मांतर करायला बंदी असते. हिंदीत या जागी ‘छल’ आणि ‘बल’ हे शब्द येतात. म्हणजे आरोप करणारा म्हणतो, यांनी ‘छल’ केला. ज्याच्यावर आरोप होतो तो म्हणतो, माझा ‘छळ’ होतो. एकाच मुळाच्या दोन फांद्या, आणि त्यांवर दोन बाजूंची माणसं. न्यायशास्त्रातला ‘नवकंबल’ मला इथे आठवतो: शब्द एक, अर्थ दोन, आणि दुसऱ्याचा अर्थ ऐकूनच घ्यायचा नाही. फसवून कुणाचा धर्म बदलू नये हे मला पूर्ण मान्य आहे. पण उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात माणसाने धर्म बदलण्याआधी साठ दिवस जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं आहे. अशा अटीसाठी मराठीत तयार शब्द आहे: जाचक. अट जाचक असते, तिचा धाक दाखवून एकाच घरातली प्रार्थना दर रविवारी कुणी थांबवू लागलं की ‘जाच’ ओलांडून आपण ‘छळा’त येतो.

आपल्या नाशिकच्या नकाशावर या सगळ्या शब्दांचा एक जुना साक्षीदार आहे. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं हे गाव, नावातच ‘शरण’. धर्म बदलल्यावर घर तुटलेली माणसं इथे आली, अनाथ मुलं आली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंसुद्धा इथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत वारलेले मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत १८७४ मध्ये लंडनपर्यंत गेला. त्या काळी धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० मध्ये कायदा करावा लागला होता. कायद्याने जमीन राखता येत होती, पंगत राखता येत नव्हती. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच पाहा. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी स्वतः १९०० मध्ये. मधल्या वर्षांची ताटातूट त्यांनी आत्मचरित्रात जशी लिहिली आहे, ती वाचल्यावर कळतं की अशा दुःखाला ‘छळ’ म्हणावं की नाही यापेक्षा ते कुणी केलं हे सांगणं अवघड असतं. सगळेच आपले, सगळेच रडणारे.

याच गावात येवल्याला १९३५ मध्ये बाबासाहेबांनी धर्म बदलण्याची घोषणा केली, काळारामाच्या दारात पाच वर्षं झगडून झाल्यावर. गाव म्हणजे जिल्हा, तेवढं समजून घ्या. ‘धर्मांतर’ या शब्दाची नाशिकला ओळख फक्त मिशनऱ्यांमुळे नाही, म्हणून हे सांगितलं.

आणि एक गोष्ट माझी. माझ्या वर्गात शरणपूरचा एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत दोघे-तिघे त्याला ‘बाटग्या’ म्हणायचे. पहिल्या दिवशी ते चिडवणं होतं, मुलं चिडवतातच. मग ते रोज होऊ लागलं. आठवीचं अख्खं वर्ष. त्याने डबा वर्गाबाहेर खायला सुरुवात केली. मी त्या दोघा-तिघांत नव्हतो, पण गप्प होतो, आणि एकदा हसलोही होतो. कुठल्या दिवशी चिडवण्याचा छळ झाला ते मला सांगता येणार नाही. पण झाला, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा ताई, अनुवाद असा करा. शीर्षकात आणि जिथे लेखक एकूण प्रश्न मांडतो तिथे ‘छळ’ ठेवा. क्रूसाच्या खटल्यात ‘गळचेपी’ किंवा ‘हक्काची पायमल्ली’. दफनाच्या प्रकरणात पहिल्यांदा ‘वाळीत टाकणं’ आणि परिच्छेदाच्या शेवटी ‘छळ’. कायद्याच्या अटींना ‘जाचक’. नोकरी-आरक्षणाचा भाग आला, म्हणजे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींत धरले जात नाहीत तो, तर तिथे भावाचा ‘भेदभाव’ लिहा. श्रद्धेसाठी मेलेल्यांचा उल्लेख असेल तर ‘हुतात्मा’ चालेल, पण तुमच्या मंडळीत ‘रक्तसाक्षी’ हा शब्द आहे तो वापरा. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदारच होता.