मलम बंद केलं की चेहरा पेटतो

"मलम लावलं की चेहरा शांत. दोन दिवस चुकलं की लालबुंद, आग आणि बारीक फोड. माझी कातडीच नाजूक आहे का हो मॅडम? साखरपुडा तोंडावर आलाय." चोपडा तालुक्यातल्या एका मुलीची ही तक्रार. घरच्यांनी सगळा दोष उन्हाला दिला होता. जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, त्यामुळे तेही चूक नव्हतं. पण मूळ वेगळं होतं.

घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून आणायला सांगितलं. गोरेपणासाठी घेतलेल्या ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. तिसरं स्टेरॉइड, म्हणजे सूज-लाली दाबणारं औषध. बीटामेथासोन, क्लोबेटासोल हीसुद्धा त्याच घराण्यातली. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून लाली लगेच मावळते. महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होते आणि मलम थांबताच त्याच वाहिन्या फुगतात. हा उलटा भडका तिला मलमाची गरज असल्याचा पुरावा वाटत होता. 2018 मध्ये केंद्राने अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखली, तरी काउंटरवर "ती नेहमीची द्या" म्हटलं की ट्यूब हातात पडते.

तिला आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मलम एकदम बंद करायचं की सौम्य औषधावर आणून हळूहळू सोडायचं, हे त्यांनीच ठरवायचं. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा आणखी बिघडलेला दिसू शकतो, हे आईलाही समोर बसवून सांगितलं. नाहीतर पहिल्या भडक्यालाच जुनी ट्यूब परत येते.

घरी करायचं ते मुद्दाम कमी ठेवलं. साबण बंद, बिनवासाचा सौम्य क्लीन्झर दिवसातून दोनदा, साधं पाणी, पुसताना घासायचं नाही. चेहरा ओलसर असतानाच सेरामाइड (त्वचेतलाच स्निग्ध घटक) किंवा ग्लिसरीनचं मॉइश्चरायझर. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच रेघा लागतात. तेही झोंबलं तर काही दिवस नुसती पेट्रोलियम जेली, पातळ. दिवसा झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा. माणसं यातच कंजुषी करतात आणि मग सनस्क्रीन कुचकामी म्हणतात. गाडीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ सुती हवा आणि रोज धुतलेला. घाम-धूळ मुरलेला स्कार्फ गालावर घासला की भडका ठरलेला.

नवीन काहीही आणलं तर आठवडाभर जबड्याखाली लावून बघायचं, एका वेळी एकच. नियासिनामाइड, ॲझेलिक ॲसिड ही डागांवर लावायची औषधं नंतरची गोष्ट, आग पूर्ण थांबल्यावर, आणि तीही डॉक्टरांना विचारून. लिंबू, बेसन-दही, मुलतानी माती, वाफ बंद. साखरपुड्याआधीचं ब्लीच आणि फेशियल तर अजिबात नाही. पार्लरवाल्या ताईंना हे आधीच सांगून ठेवायचं. चेहऱ्याला धग नको, म्हणून भरताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजायचं काम काही दिवस दुसऱ्याकडे द्यायचं. भरीत खायला हरकत नाही, ते निववून आणि तिखट बेतानं.

आरशात तासातासाला बघण्याऐवजी आठवड्यातून एक फोटो, त्याच खिडकीशी, त्याच वेळी. डोळे लाल होऊन खुपायला लागले, फोडातून पू आला किंवा चेहरा सुजला, तर फोटोची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.