वाचकांचे प्रश्न : कांद्याची पट्टी आणि मागणीची लवचिकता

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. बारावीची मुले मागणीच्या लवचिकतेची, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते याची, व्याख्या, प्रकार आणि सूत्रे बिनचूक लिहितात. पण ‘कांदा भरघोस पिकला त्या वर्षी घरात पैसा कमी का आला?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत हे त्यांना उमगावे कसे?

उत्तर : जो प्रश्न आपण धडा संपल्यावर विचारता, तो धडा सुरू करण्यापूर्वी विचारावा, असे माझे इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतरचे ठाम मत आहे. व्याख्या आधी फळ्यावर आली की मुले ती उतरवून घेतात आणि विषय तिथेच संपतो; कोडे आधी पडले, तर मुले व्याख्येची वाट पाहू लागतात.

आपल्या तालुक्यात साधने शोधायला दूर जावे लागणार नाही. लासलगावच्या बाजार समितीत ज्यांच्या घरचा माल जातो, त्या मुलांना जुन्या हिशेबपट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे वजन आणि मिळालेली रक्कम लिहिलेल्या पावत्या, आणायला सांगा. मात्र नावाचा भाग दुमडून ठेवायला सांगा आणि कोणाची रक्कम वर्गात मोठ्याने वाचू नका, कारण वाईट गेलेल्या हंगामाची पट्टी ही त्या घराची दुखरी जागा असते. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला, तेव्हा एका मुलीने दोन वर्षांच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारले, “सर, औंदा वजन जास्त आहे आणि रक्कम कमी. पट्टी चुकली का?” मी तिला हमाली आणि तोलाई वजा करून पुन्हा हिशेब करायला लावला. पट्टी बरोबर होती.

यानंतर फळ्यावर संपूर्ण बाजाराचे सोपे, मानलेले आकडे घ्यावेत. समजा, २,००० रुपये क्विंटल भावाने १,००० क्विंटल कांदा विकला गेला. एकूण २० लाख रुपये झाले. पुढील हंगामात आवक वाढली आणि १,१०० क्विंटल कांदा खपण्यासाठी भाव १,६०० रुपयांपर्यंत उतरावा लागला. एकूण १७ लाख ६० हजार झाले. भाव २० टक्क्यांनी घटला, खप मात्र १० टक्क्यांनीच वाढला, कारण कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी भाजीत दुप्पट कांदा घालत नाही. लवचिकता १० भागिले २०, म्हणजे ०.५ आली; ती एकापेक्षा कमी आहे. ग्राहकांचा एकूण खर्च तेच विक्रेत्यांचे एकूण उत्पन्न, हे मुलांनी स्वतः मांडले की एकूण खर्चातील बदलावरून लवचिकता ओळखण्याची पाठ्यपुस्तकातील ‘एकूण खर्च पद्धत’ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

इथे एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारतो, “मग सगळे शेतकरी कमीच का पिकवत नाहीत?” हा प्रश्न पुढच्या धड्याचा आहे म्हणून टाळू नये. एका शेतकऱ्याने चार ट्रॉल्या कमी आणल्या तरी बाजारभाव हलत नाही, फक्त त्याचे स्वतःचे उत्पन्न घटते. पूर्ण स्पर्धेतील विक्रेता किंमत स्वीकारणारा असतो, ती ठरवणारा नसतो. बाजाराच्या प्रकारांवरील धड्याची ओळख अशी आधीच होऊन जाते.

मुलांचा सर्वाधिक गोंधळ ‘मागणीतील विस्तार-संकोच’ आणि ‘मागणीतील वृद्धी-ऱ्हास’ यांत होतो, आणि त्यासाठीही कांद्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. ही बंदी मे २०२४ मध्ये उठली. बंदीच्या काळात परदेशी ग्राहक बाजारातून बाहेर गेले, म्हणजे त्याच किमतीला असलेली मागणी घटली आणि किंमत व मागणी यांचा संबंध दाखवणारा संपूर्ण मागणी वक्र डावीकडे सरकला. हा ऱ्हास झाला. भाव वाढल्यामुळे गृहिणीने दोन किलोंऐवजी एक किलो कांदा घेतला, तर तिने त्याच वक्रावर वरच्या बाजूला पाऊल टाकले. हा संकोच झाला. दोन्ही आकृत्या शेजारी काढून घ्या आणि प्रत्येक आकृतीखाली ‘काय बदलले : किंमत की इतर काही?’ एवढेच लिहायला सांगा.

घाईबद्दल सांगायचे, तर या साऱ्याला दोन तासिका पुरतात, आणि त्या वाया जात नाहीत. बोर्डाच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उदाहरणावरून संकल्पना ओळखण्याचे आणि विधानाशी सहमत की असहमत ते सकारण लिहिण्याचे प्रश्न असतात. नुसत्या पाठांतरावर विसंबलेली मुले तिथेच अडखळतात.

प्रश्न : मी अकरावी वाणिज्य शाखेत आहे. बँकेत पैसे भरले की आम्ही आमच्या वहीत बँक खाते नावे (डेबिट) करतो, पण बँकेच्या पासबुकात तीच रक्कम जमा (क्रेडिट) दिसते. दोन्ही बरोबर कसे?

उत्तर : कारण पासबुक हे तुमच्या खात्याचे बँकेच्या वहीतील रूप आहे. तुमच्या वहीत बँक ही घेणारी व्यक्ती आहे, म्हणून घेणाऱ्याच्या नावे. बँकेच्या वहीत तुम्ही देणारे आहात, म्हणून देणाऱ्याच्या जमा. व्यवहार एक, वह्या दोन. एका कागदाच्या मध्यभागी रेघ ओढून डावीकडे ‘माझी वही’ आणि उजवीकडे ‘बँकेची वही’ असे लिहा आणि पाच व्यवहार दोन्हीकडे नोंदवा. त्यांतील एक व्यवहार असा घ्या की धनादेश तुम्ही दिला आहे, पण तो अजून बँकेत वटलेला नाही; तो डावीकडे येईल आणि उजवीकडची जागा रिकामी राहील. दोन्ही वह्यांतील शिल्लक ताडून पाहणारे बँक जुळवणी पत्रक ज्या फरकांसाठी तयार करतात, त्यांतील एक तुम्हाला त्या रिकाम्या जागेत दिसेल.